सासूबाई आणि मुळशीचा खून

लग्नानंतरचे पहिले सात-आठ महिने मी आणि सासूबाई एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो. भांडण नव्हतं. त्या मुळातच अबोल, आणि मी दिवसभर शाळेत शिकवायला जाणारी. दूध तापवलं का, धुणं वाळलं का, आज भाजी कोणती, एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. त्या मला नावानं हाक मारत नसत आणि मी त्यांच्यासमोर मोठ्यानं हसत नसे.

मला रहस्यकथांचं वेड होतं. माहेरपासूनचं. फिरत्या वाचनालयाचा माणूस दर शनिवारी सायकलला दोन पिशव्या अडकवून आमच्या शाळेत यायचा, त्याच्याकडून मी कादंबरी घ्यायची, वह्यांच्या गठ्ठ्यात घालून घरी आणायची आणि ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवायची. सासरी सुनेनं खुनाच्या गोष्टी वाचणं बरं दिसणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. कुणी काही म्हटलं नव्हतं.

एकदा एका कादंबरीत समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, 'चूक. या तिथीला चांदणं कुठून?' मला वाटलं, वाचनालयाचा कुणी सभासद असेल. पुढच्या पुस्तकात होतं, 'ही गाडी या स्टेशनवर थांबतच नाही.' त्याहीवेळी मी फार विचार केला नाही. पण तिसरं पुस्तक कोरं करकरीत होतं. छापखान्यातून आलेलं, पानं जोडलेलीच होती, ती मी स्वतः सुरीनं फाडली. आणि मंगळवारी दुपारी त्यात पेन्सिल उमटली, 'विष घेतलेला माणूस इतकं लांबलचक बोलेल का?'

घरात माणसं चार. यजमान आणि मामंजी दिवसभर कचेरीत. मी शाळेत. राहिलं कोण?

मी एक चिठ्ठी लिहून पुस्तकात ठेवली. 'खुनी कोण वाटतो?' एवढंच. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, ट्रंक उघडली. चिठ्ठीवर खाली उत्तर होतं, 'वकील. पण तू सांगू नकोस.'

मी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई पाठमोऱ्या बसून गवार मोडत होत्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "एकशे दहाव्या पानावर आहे मी. तोंड उघडशील तर बघ."

त्या दिवसापासून आमचं गोत्र एक झालं. पुस्तक आधी त्या वाचत, कारण दुपार त्यांच्या हातात. वाचायची त्यांची तऱ्हा अशी की एका बाजूला पंचांग, दुसऱ्या बाजूला रेल्वेचं वेळापत्रक. लेखकानं चांदणं पाडलं की त्या तिथी शोधायच्या. नायक गाडीत बसला की त्या त्याला स्टेशनमागून स्टेशन उतरवून घ्यायच्या. चौथीपर्यंत शिकलेली ती बाई. पण तिच्यापुढे भलेभले गुप्तहेर ढिले पडायचे.

मग मुळशीची कादंबरी आली. साल छप्पन्न असेल, नाहीतर सत्तावन्न.

कथा थोडक्यात अशी : मुंबईचा एक पैसेवाला शेठ हवापालट करायला मुळशीच्या तलावावरच्या डाकबंगल्यात उतरतो. श्रावण महिना. एका सकाळी तो व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत मेलेला सापडतो. पुढं गुप्तहेर सिद्ध करतो की बंगल्याच्या खानसाम्यानंच त्याला चहातून विष दिलं आणि विषाचा पेला व्हरांड्यात उभ्या उभ्या तलावात भिरकावला. खानसाम्याचं वर्णन फार छान होतं. डावी भुवई जळून अर्धी गेलेली. ओठांतल्या ओठांत सतत गुणगुणणारा. बाई असो की पुरुष, सगळ्यांना 'सायेब' म्हणणारा.

मला कादंबरी बेहद्द आवडली. सासूबाईंनी ती मिटली आणि चष्मा काढून म्हणाल्या, "पेला पाण्यात पडणार नाही."

"का?"

"दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय, बंगला टेकाडावर आहे, पाण्याला जायला वाट उतरून जावी लागते. मग व्हरांड्यातून फेकलेला पेला पाण्यात पडेलच कसा? एवढा लांब हात कुणाचा असतो?"

"कादंबरी आहे, आई."

"कादंबरीतसुद्धा माणूस फासावर जातो ना? मग नीट बघून पाठवावं."

दोन दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मामंजींना वाढता वाढता म्हणाल्या, "येत्या रविवारी आम्ही दोघी मुळशीला जाऊन येतो."

मामंजी म्हणाले, "मुळशीला? आपलं कोण आहे तिकडे?"

"कोणी नाही. एक खून झालाय, तो बघायचाय."

मामंजींच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताकाच्या भांड्यात पाहत होते. "पुस्तकातला," मी हळूच म्हटलं. त्यांनी घास ताटात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "संध्याकाळच्या आत परत या."

रविवारी पहाटे उठून सासूबाईंनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, आणि फडताळातून एक पितळी पेला काढला. बुडाला चीर गेलेला, त्यामुळे कुणी वापरत नव्हतं. तो त्यांनी पिशवीत घातला. प्रयोगासाठी.

एस.टी.त आमच्या शेजारी पौडाची एक बाई बसली होती. मांडीवर मोठं बोचकं. कोथरूडच्या बागा मागे पडल्या, भूगाव गेलं, पिरंगुटाला ड्रायव्हर चहाला उतरला, तेव्हा तिनं विचारलं, "कुटं निगालाय?"

"मुळशीला," सासूबाई म्हणाल्या.

"पावणं हायेत का कुणी तितं?"

"नाही."

"मंग वो?"

सासूबाईंना खोटं बोलता येत नसे आणि लांबवून सांगताही येत नसे. त्या म्हणाल्या, "तिथल्या बंगल्यावर खून झालाय. खानसाम्यानं केला म्हणतात. पण मला पटत नाही, म्हणून बघायला चाललेय."

बाईनं तोंडावर पदर घेतला. पुढच्या बाकावरचे दोघे वळले. "कवा झाला?" एकानं विचारलं. "श्रावणात," सासूबाई म्हणाल्या. मी 'पुस्तकात, पुस्तकात' म्हणत होते, पण तेवढ्यात ड्रायव्हर आला, गाडी खडखडत सुटली आणि माझा आवाज त्यात बुडून गेला. पौडाला ती बाई उतरली, तिच्याबरोबर आणखी पाचसहाजण उतरले, नवे चढले, आणि खुनाची बातमी जागा न सोडता गाडीतच बसून राहिली. आमच्या मागे कुजबुज चालू होती. सासूबाई खिडकीतून पांगाऱ्याची लालभडक झाडं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "केवढा रंग गं!" लग्नकार्याशिवाय त्या पुण्याबाहेर पडल्याच नव्हत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

मुळशीला उतरलो. तलाव दिसला आणि आम्ही दोघी रस्त्यातच थांबलो. कादंबरीत तलावाला 'गूढ, काळाशार' म्हटलं होतं. आमच्यासमोर होता तो निळा, उन्हात लखलखणारा, आणि काठाकाठानं मेंढरं चरत होती. "हा कसला गूढ," सासूबाई म्हणाल्या, "हा तर हसतोय."

वाट विचारत बंगल्यावर पोचलो. टेकाड, कौलारू बंगला, लांब व्हरांडा, आरामखुर्ची. अगदी पुस्तकातला. आम्ही पायरीशी उभ्या होतो तोच आतून गुणगुणण्याचा आवाज आला, आणि खांद्यावर फडकं टाकलेला एक पन्नाशीचा माणूस बाहेर आला. डावी भुवई अर्धी.

"या सायेब," तो सासूबाईंना म्हणाला.

मी सासूबाईंचा दंड इतका घट्ट धरला की नंतर त्यांनी वळ दाखवला. लेखकानं माणूस बनवला नव्हता, जसाच्या तसा उचलला होता.

"बंगला रिकामाच हाय," तो म्हणाला. "पानी देऊ का च्या टाकू?"

चहा म्हटल्यावर मी दचकले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "चहा टाका. आणि मला एक सांगा, श्रावणात पाणी कुठवर चढतं?"

त्याला प्रश्न विचित्र वाटला असणार, पण तो पुढं झाला आणि त्यानं बोट दाखवलं. "त्यो आंबा दिसतुया का? त्याच्या बुडाशी धोंडा हाय, त्याला पांढरी रेघ हाय. लई झालं तर तितवर. त्याच्या वर मी उभ्या जन्मात पानी बघितलं न्हाई."

सासूबाई व्हरांड्याच्या कडेपासून निघाल्या आणि पावलं मोजत उतारानं खाली गेल्या. नऊवारीचा काष्टा सावरत, काटेकुटे चुकवत, थेट त्या धोंड्यापर्यंत. तिथून ओरडल्या, "ब्याण्णव!" त्यांचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं. परत वर येऊन, दम खाऊन त्यांनी पिशवीतून पेला काढला, पदर खोचला आणि सगळा जोर लावून फेकला. पेला पंधरा पावलांवरच्या करवंदीच्या जाळीत पडला.

"आता तू."

मी तो जाळीतून काढून आणला आणि फेकला. माझा आणखी पाच पावलं पुढं गेला.

चहाचे कप घेऊन आलेला खानसामा आमच्याकडे बघतच राहिला. "काय चाललंय सायेब?"

त्याला उत्तर द्यायला सवड मिळाली नाही. कारण खालून माणसं वर येत होती. पुढं काठी टेकत पोलीस पाटील, मागं पंचवीस-तीस बाया-बाप्ये, आणि त्यांच्याही मागं घोंगडी पांघरलेला एक म्हातारा धनगर, ज्याची मेंढरं आम्ही काठाला पाहिली होती. आमच्याच गाडीतून उतरलेल्या लोकांनी बातमी गावात पोचवली होती.

पाटील सरळ खानसाम्यापुढं उभे राहिले. "का रं, काय केलंस? आन् मला वर्दी न्हाई?"

"कसली वर्दी?"

"मुडदा कुटं हाय?"

खानसाम्यानं कप पायरीवर ठेवले. आतून त्याची बायको धावत आली. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण सासूबाई पुढं झाल्या. घरात चार शब्दांच्या वर न बोलणारी ती बाई त्या सगळ्या गावापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "पाटील, चूक माझी आहे. खून खरा नाही, पुस्तकातला आहे. पण बंगला हाच, तलाव हाच, आणि खुनी..." त्या जरा थांबल्या. "खुनी म्हणून यांचं वर्णन केलंय."

खानसाम्यानं विचारलं, "माजं?"

"तुमचं."

"वाचा," पाटील खाली बसत म्हणाले. "आमाला कळू द्या तरी."

सगळे व्हरांड्यात, पायऱ्यांवर, अंगणात बसले. सासूबाई आरामखुर्चीत बसल्या आणि त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून उघडलं. खानसाम्याच्या वर्णनापासून सुरुवात केली. 'डावी भुवई जळून अर्धी' आलं तसे सगळे त्याच्याकडे बघायला लागले. 'ओठांतल्या ओठांत गुणगुणणारा' आलं तशी त्याची बायको म्हणाली, "ह्योच हाय!" आणि जी हसत सुटली ती पुढं थांबेचना. सासूबाई कुठं आवाज चढवत होत्या, कुठं उतरवत होत्या. शेठ मेला तेव्हा एका म्हातारीनं 'अगं बया' म्हणून छातीवर हात ठेवला. पेला भिरकावला जातो तिथं त्यांनी वाचन थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "आता सांगा. इथून पेला पाण्यात पडेल का?"

"न्हाई पडायचा," चार-पाचजण एकदम म्हणाले.

"फेकून बघा की," कुणीतरी म्हणालं, आणि मग बंगल्यावर जत्राच भरली. पेला शोधून आणला. पाटलांनी फेकला. एका पैलवानी गड्यानं चार पावलं धावत येऊन फेकला. खानसाम्यानं स्वतः फेकला, तो तर सगळ्यात जवळ पडला. त्याची बायको म्हणाली, "एवढं बळ असतं तर ह्यांनी लाकडं न्हाई का फोडली असती?"

तेवढ्यात तो म्हातारा धनगर उठला. काही न बोलता त्यानं कमरेची गोफण सोडली, एक गोटा घातला, डोक्यावर दोनदा गरगर फिरवली आणि सोडली. गोटा आंब्यावरून गेला, धोंड्यावरून गेला, आणि लांब निळ्या पाण्यात पांढरं फूल उमटलं.

"गोफणीनं जातंय," तो म्हणाला.

पाटील काठी आपटून म्हणाले, "धरा रं ह्येला! खरा खुनी घावला!" सगळं अंगण हसण्यानं फुटलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढं केले. "न्या बाबा, पर माजी मेंढरं कोन राखनार त्ये आदी सांगा."

खानसामा मात्र कुठंतरी हरवला होता. मध्येच तो म्हणाला, "आत्ता याद आली. दोन सालामागं पावसात एक सायेब आला व्हता. बारीक, चष्म्याचा. आठ रोज ऱ्हायला. दिवसभर लिवायचा. एका रोजी माज्याकडनं आमटीत दोनदा मीठ पडलं. तवा त्यो काय बोलला न्हाई, नुसता माज्याकडं बघत ऱ्हायला." त्यानं कपाळावर हात मारला. "एकडाव आमटी खारट झाली, म्हनून फासावर चढवला मला!"

पाटलांनी तिथल्या तिथं निकाल दिला. खानसामा निर्दोष, आमटी दोषी.

आमच्या दशम्या पिशवीतच राहिल्या. खानसाम्याच्या बायकोनं आम्हाला हलू दिलं नाही. तांदळाच्या भाकरी, तलावातले मासे नको म्हटल्यावर वालाचं बिरडं, आणि आमटी. आमटी वाढताना खानसामा आमच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. सासूबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "मीठ बेताचं आहे." त्याचा जीव भांड्यात पडला.

जेवणानंतर त्याची बायको आम्हाला पाण्यापर्यंत घेऊन गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पलीकडे धरणात बुडालेल्या जुन्या घरांची जोती दिसतात, म्हणाली. तिच्या आईचं घर त्यातच होतं. ती हे अगदी सहज सांगत होती, जशी एखादी शेजारच्या गावाची वाट सांगते. सासूबाईंनी तिला विचारलं, घर कोणत्या तोंडाचं होतं, दारात काय होतं. ती म्हणाली, पूर्वेच्या तोंडाचं, दारात फणस. लहानपणी पाहिलेला. मग दोघी बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसल्या. मी पाठीमागून पाहत होते. दोघींच्या वयात फारसा फरक नव्हता.

चारच्या गाडीला सोडायला अर्धा गाव आला. धनगरानं ओंजळभर गोटे सासूबाईंच्या पिशवीत टाकले, 'घरी सराव करा' म्हणून.

घरी आल्यावर सासूबाईंनी लेखकाला चार पानी पत्र लिहिलं आणि प्रकाशकाच्या पत्त्यावर धाडलं. पावलांचा आकडा, पाण्याची रेघ, कोणी फेकलेला पेला कुठं पडला, सगळं. सोबत मी काढलेला नकाशा. महिनाभरात उत्तर आलं नाही. मग एका रविवारी लेखक स्वतःच आले. बारीक, चष्म्याचे, अंगात लांब कोट. बैठकीच्या खोलीत ते असे बसले, जसा मुलगा गणिताच्या मास्तरांपुढं बसतो. सासूबाईंनी त्यांना दोन तास उभे-आडवे प्रश्न विचारले. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, मला तिथं जाऊन त्याची माफी मागायला हवी."

"हवीच," सासूबाई म्हणाल्या. "आणि प्रत घेऊन जा. त्याला वाचता येत नाही, तेव्हा तुम्हीच वाचून दाखवा."

ते गेले. खानसाम्यानं त्यांना तीन दिवस सोडलं नाही, आणि कादंबरी गावाला दोनदा वाचून दाखवावी लागली, असं त्यांनी कार्डावर कळवलं. खानसामा आता नव्या पाहुण्यांना स्वतःची ओळख खुनी म्हणूनच करून देतो, आणि मगच चहा विचारतो, असंही त्यात होतं.

त्यानंतर त्यांची प्रत्येक कादंबरी छापण्याआधी हस्तलिखितात आमच्या घरी येऊ लागली. सासूबाई ती वाचत, आणि जिथं शंका येई तिथं आम्ही दोघी जात असू. लोणावळ्याला जाऊन एक दरी किती खोल वाटते ते पाहिलं. वाईच्या घाटावर पायऱ्यांवरून उतरणाऱ्या माणसाची चाहूल किती लांब जाते ते ऐकलं. मे महिन्याच्या सुट्टीत मिरज स्टेशनला गेलो, तेव्हा मामंजीही आले. कथेतला खुनी ट्रंक घेऊन पूल ओलांडतो आणि दोन मिनिटांत पलीकडची गाडी पकडतो, हे शक्य आहे का ते पाहायचं होतं. ट्रंक उचलायला माणूस हवा होता. मामंजी धोतर सावरत, ट्रंक खांद्यावर घेऊन पुलावरून निघाले. तिकीट तपासनीस त्यांच्याकडे संशयानं बघत होता. मी पलीकडच्या फलाटावर उभी, आणि सासूबाई स्टेशनच्या घड्याळाखाली. ते धापा टाकत पोचले आणि ट्रंकेवरच बसले.

"साडेतीन मिनिटं," सासूबाई तिकडून ओरडल्या. "पुन्हा एकदा! या वेळी जरा खून केल्यासारखे पळा!"